देणाऱ्याची खाट

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्याकडे पेपर आला की तो आधी सूनबाईच्या हातात जातो. त्या दिवशी चहा गाळता गाळता ती एक बातमी वाचत होती. वाचून झाल्यावर पेपरची नीट घडी घातली, माझ्यापुढे ठेवला आणि काही न बोलता डबे भरायला लागली.

बातमी पुण्याची होती. नवऱ्याचं यकृत निकामी झालेलं. बायकोने आपल्या यकृताचा भाग दिला. एका खासगी रुग्णालयात दोघांची ऑपरेशनं झाली. नवरा लगेचच गेला आणि आठवड्याभरात बायकोही गेली. राज्याच्या आरोग्य विभागाने चौकशी सुरू केली होती.

ही बातमी आमच्या घरात कशी वाचली गेली असेल, ते नातेवाईक मंडळींना सांगायला नको. इतर वाचकांसाठी सांगते. २०१६ च्या पावसाळ्यात माझ्या मुलाचं यकृत बदललं. दारूच्या थेंबाला न शिवलेला मुलगा, पण मधुमेह आणि यकृतात साठलेली चरबी यांनी घात केला. (लोकांना मात्र आजही वाटतं की हा पीत असणार!) यकृत दिलं त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या सूनबाईने.

बातमी वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "तुझं दुखतं का गं अजून?"

ती हसली. म्हणाली, "आई, नऊ वर्षांनी विचारताय."

टोमणा नव्हता तो, तिचा तसा स्वभावच नाही. पण मला लागायचं ते लागलं. या नऊ वर्षांत मुलाचा प्रत्येक रिपोर्ट मी चष्मा लावून वाचला आहे. त्याच्या गोळ्यांच्या वेळा मला तोंडपाठ आहेत. आणि जिच्या पोटातून तो तुकडा काढला, तिला हा साधा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. काही सुचेनासं झालं की मी सनावळी घेऊन बसते. या वेळीही तेच केलं. नातवाने इंटरनेटवरून बरंच काही काढून दिलं आणि मी वहीत तारखा मांडत गेले. मांडता मांडता लक्षात आलं की या शस्त्रक्रियेचा इतिहास सगळीकडे घेणाऱ्याच्या बाजूने सांगितलेला आहे. पहिला वाचलेला पेशंट कोण, तो किती जगला, सर्जन कोण... देणाऱ्याला त्यात जेमतेम एक ओळ. म्हणून म्हटलं, आपण देणाऱ्याच्या खाटेवर बसून हाच इतिहास बघू या.

सुरुवात अमेरिकेतल्या डेन्व्हरची. १ मार्च १९६३ रोजी डॉ. थॉमस स्टार्झल यांनी तीन वर्षांच्या एका मुलाला दुसऱ्याचं यकृत बसवलं. रक्तस्राव थांबेना, मूल गेलं. पुढे १९६७ मध्ये त्यांचा एक पेशंट पहिल्यांदाच वर्षाच्या वर जगला. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, शरीर परका अवयव नाकारतं त्याला आवर बसला आणि मग हे ऑपरेशन रुळलं. या सगळ्या काळात देणारा मेलेला असायचा. त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्नच नव्हता.

अडचण होती लहान मुलांची. काही बाळं जन्मतःच पित्तनलिका बंद असलेली येतात. त्यांना बसेल एवढं छोटं यकृत मिळायचं नाही आणि मुलं वाट पाहता पाहता जायची. क्लोद क्विनो नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने १९५० च्या दशकात दाखवून दिलं होतं की यकृत म्हणजे एकसंध गोळा नव्हे. त्याचे आठ भाग पडतात आणि प्रत्येकाला आपापली रक्तवाहिनी व पित्ताची वाट असते. म्हणजे फणसाचे गरे काढावेत तसा एक भाग काढता येऊ शकतो. त्यात यकृत हा पुन्हा वाढणारा अवयव. मग मोठ्या माणसाच्या यकृताचा छोटा तुकडा बाळाला का देऊ नये?

डिसेंबर १९८८ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात डॉ. सिल्व्हानो राया यांनी जिवंत माणसाच्या यकृताचा भाग काढून एका लहान मुलीला बसवला. मुलगी वाचली नाही. जुलै १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला डॉ. रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईचा तुकडा तिच्या मुलाला दिला आणि हे पहिलं यशस्वी ऑपरेशन ठरलं.

त्याच वर्षी शिकागोत जे झालं, त्यापाशी मी बराच वेळ थांबले. तिथे डॉ. ख्रिस्तोफ ब्रोल्श यांच्या तुकडीने ऑपरेशनच्या आधी एक निराळंच काम केलं. हे करणं योग्य आहे का, या प्रश्नावर त्यांनी आपल्या विद्यापीठातल्या नीतिशास्त्राच्या मंडळींबरोबर बसून विचार केला आणि ऑगस्ट १९८९ मध्ये तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला. प्रश्न सरळ होता. धडधाकट माणसाच्या पोटावर सुरी चालवायची, त्याला स्वतःला शरीराने काडीचा फायदा नाही, उलट धोका आहे. आणि आईला विचारलं तर ती नाही कशी म्हणणार? बाळ समोर मरत असताना तिच्या 'हो'ला आपण मोकळा होकार म्हणायचं का?

नोव्हेंबर १९८९ मध्ये टेरी स्मिथ या आईने आपल्या अलिसा या २१ महिन्यांच्या मुलीला यकृताचा भाग दिला. मुलगी वाचली, जगभर बातम्या झाल्या. त्या बातम्यांत खाली कुठेतरी एक ओळ आहे. आईच्या ऑपरेशनमध्ये प्लीहेला इजा झाली आणि ती काढून टाकावी लागली. एवढा विचार करून, एवढ्या काळजीने केलेल्या ऑपरेशनमध्येही देणारीने ठरल्यापेक्षा एक अवयव जास्त गमावला! मी पाचवीच्या मुलांना शिबी राजाची गोष्ट सांगत असे. कबुतराला वाचवण्यासाठी राजा आपल्या अंगाचं मांस कापून तराजूत टाकतो. गोष्टीच्या शेवटी देव प्रसन्न होतात आणि राजाचं अंग पूर्ववत होतं. जखमेचं काय झालं, असं एकाही मुलाने कधी विचारलं नाही. मलाही सुचलं नव्हतं.

यानंतर ही विद्या वाढली ती मुख्यतः जपानमध्ये. १९६८ साली साप्पोरोत झालेल्या एका हृदय प्रत्यारोपणावरून तिथे मोठं वादळ उठलं होतं. देणारा खरंच मृत होता का, असा संशय लोकांना आला. पुढे मेंदूमृत्यूला धरून अवयव घेण्याचा कायदा व्हायला तिथे १९९७ उजाडलं. तोपर्यंत यकृत हवं तर घरच्याच माणसाचं. क्योतोमध्ये १९९० पासून आईवडील मुलांना देऊ लागले. १९९३ मध्ये डॉ. माकुउची यांनी मात्सुमोतोला मोठ्या माणसाचा डावा भाग मोठ्या माणसाला दिला. पण मोठ्या पेशंटला डावा भाग बहुधा पुरत नाही. १९९६ मध्ये हाँगकाँगच्या डॉ. फान यांनी उजवा भाग दिला. उजवा म्हणजे यकृताचा निम्म्याहून जास्त, साधारण साठ टक्के.

इथे देणाऱ्याच्या खाटेवरून सगळं चित्र बदलतं. बाळाला द्यायचं म्हणजे पाव हिस्सा. मोठ्याला द्यायचं म्हणजे साठ टक्के देऊन चाळीसवर राहायचं. २००३ साली क्योतोत जपानमधला पहिला दाता-मृत्यू झाला. मागे उरलेलं यकृत त्या बाईला पुरलं नाही. आज तपासणीत देणाऱ्याचं यकृत सी. टी. स्कॅनवर मोजतात, चरबी किती ते बघतात आणि निदान तीस-पस्तीस टक्के मागे उरणार नसेल तर ऑपरेशनच करत नाहीत. अशा नियमांमागे कुणीतरी एक माणूस गेलेलं असतं, हे मी वहीत लाल शाईने लिहिलं आहे.

अमेरिकेतलं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं. जानेवारी २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात माइक ह्युरविट्झ या ५७ वर्षांच्या पत्रकाराने भावाला यकृताचा भाग दिला. ऑपरेशन पार पडलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. राज्याच्या आरोग्य खात्याने चौकशी केली तेव्हा निघालं की ३४ पेशंटांच्या त्या विभागाचा भार पहिल्या वर्षाच्या एका शिकाऊ डॉक्टरवर होता. सर्जनची सुरी चुकली नव्हती. नंतरच्या खाटेवर लक्ष कमी पडलं होतं. तिथला हा कार्यक्रम काही महिने बंद ठेवावा लागला. देणाऱ्याची काळजी कशी घ्यायची याचे नियम न्यूयॉर्क राज्याने त्यानंतर केले. देणाऱ्याच्या बाजूने बोलणारी माणसं प्रत्यारोपणाच्या तुकडीपासून वेगळी असावीत, हे मुख्य सूत्र.

आता आपल्याकडे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी ठराव केल्यावर, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो आधी तिथेच लागू झाला. तेव्हा डोळ्यांपुढे होता किडन्यांचा बाजार. गरीब परक्याला कुणी विकत घेऊ नये म्हणून कुंपण घातलं. नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं यांची वाट मात्र सोपी ठेवली. घरात पैशांची देवघेव नसते, मग जबरदस्ती कुठली? असंच तेव्हा सगळ्यांना वाटलं असणार.

नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात संजय कंदासामी या २० महिन्यांच्या बाळाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवला. भारतातलं हे लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. फार आनंद वाटला वाचून.

पण देणाऱ्यांची मोजदाद बघा. 'नोटो' या राष्ट्रीय संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात जिवंतपणी केलेली अवयवदानं ५६,५०९. (यात किडनी, यकृत सगळं आलं.) त्यांतल्या ३६,०३८ बायका. शंभरातल्या चौसष्ट! बायकांचं काळीज मोठं असतं, असं म्हणून आपण मोकळे होतो. कायदा मात्र तेवढ्यावर थांबला नाही. २०१४ च्या नियमांत लिहिलं आहे की देणारी बाई असेल तर जास्त खबरदारी घ्यावी आणि तिची संमती स्वतंत्र आहे ना, याची खातरजमा घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी.

हा नियम मला २०१६ मध्ये ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता फक्त त्याचा अनुभव, आणि तो मी अपमान म्हणून लक्षात ठेवला होता.

झालं असं. मी तेव्हा ६६ वर्षांची आणि मधुमेही, म्हणजे मी बाद. ह्यांचं हृदय नाजूक. धाकट्याचा रक्तगट जुळेना. उरली सूनबाई. तिला कुणी काही म्हटलं नाही. खरंच नाही... फक्त एका संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता सगळं तुझ्या हातात आहे." एवढंच. मी स्वतःला सांगत आले की हे काही दडपण नव्हे.

तपासण्या सुरू झाल्या. रक्त, हृदय, स्कॅन, पित्तनलिकांचा नकाशा काढणारं एम. आर. आय. मग मानसोपचारतज्ज्ञांची भेट. मी तिच्याबरोबर आत शिरले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा." बाहेरच्या बाकावर मी धुमसत बसले. मी काय हिला धाक घालते की काय? मुलांच्या पालकांना बाहेर बसवणारी मी बाई, आणि मलाच बाहेर बसवलं!

आत काय झालं ते मला परवा, म्हणजे त्या पेपरच्या दिवशी, कळलं. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, "तुम्हाला नको असेल तर आत्ता इथे सांगा. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की तपासणीत बसत नाही. कारण कुणालाही कळणार नाही." मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?" म्हणाली, "दोन दिवस मागून घेतले. घरी आले, तुम्हा कुणाला सांगितलं नाही. मुलांचा विचार केला, धोका किती ते त्यांनी सांगितलंच होतं. मग हो म्हटलं. पण आई, नाही म्हणता येतं हे कळलं ना, त्याने बरं वाटलं."

धोका किती? साधारण दोनशे ते पाचशे दात्यांमागे एक मृत्यू, असा जगभरचा अंदाज सांगतात. बरे होणारेही सगळे सरळ बरे होत नाहीत. अमेरिकेतल्या ३९३ दात्यांचा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. त्यांतल्या ३८ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला होता. पित्त झिरपणं, जंतुसंसर्ग, टाक्यांच्या जागी हर्निया असे प्रकार. बहुतेकांचा पुढे निस्तरला, पण झाला.

आमचीही त्या ३८ टक्क्यांतलीच. ऑपरेशन सात-आठ तास चाललं. उजवा भाग काढला, त्याबरोबर पित्ताशयही काढावं लागतं. दुसऱ्या दिवशी तिला उठवून बसवलं, मग नळ्या सांभाळत चालवलं. तीन गोळ्यांचं ते यंत्र असतं ना, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या, ते ती दर तासाला करायची. आठव्या दिवशी घरी सोडलं. मुंबईहून कामोठ्याला येताना सायन-पनवेल हायवेच्या प्रत्येक खड्ड्याला ती पोटाशी उशी आवळून धरत होती म्हणे. 'म्हणे' लिहिते, कारण मी त्या गाडीत नव्हते. मी मुलाजवळ होते. सगळेच मुलाजवळ होते. तिच्याबरोबर तिची आई होती.

अकराव्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. हिला ताप आहे, पोट दुखतंय. त्या दिवशी मुलाचे महत्त्वाचे रिपोर्ट यायचे होते. मी म्हणाले, "तापाची गोळी द्या, इथलं आटपलं की बघू." विहीणबाईंनी माझं ऐकलं नाही, हे माझं नशीब. त्यांनी ऑपरेशनच्या डॉक्टरांना थेट फोन लावला आणि रिक्षा-टॅक्सी करत तिला परत नेलं. कापलेल्या जागेतून पित्त झिरपून साठलं होतं. नळी घालून काढावं लागलं, पाच दिवस पुन्हा मुक्काम. ती मुलाच्याच इमारतीत दोन मजले खाली होती. मी रोज जाऊन येत होते, दहा-दहा मिनिटं.

न्यूयॉर्कच्या त्या वॉर्डाबद्दल वाचताना मला तो फोन आठवला. नंतरच्या खाटेवरचं लक्ष इथेही कमी पडलं, आणि ते लक्ष माझं होतं.

उरलेलं यकृत पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढतं. कापलेला भाग तसाच्या तसा उगवत नाही, राहिलेला भागच मोठा होतो आणि काम सांभाळतो. रिपोर्ट तीन महिन्यांत छान आले. माणूस मात्र रिपोर्टच्या गतीने भरून येत नाही. तीन महिने तिला पाण्याची बादली उचलायची नव्हती. (आणि आमच्या सोसायटीत तेव्हा पाणी एक वेळ!) थोडं खाल्लं की पोट भरायचं, दुपारी गळून जायची. रात्री झोप नसे. मला आठवतं, सगळे मुलाला भेटायला पेढे घेऊन येत आणि तिच्याकडे बघून म्हणत, "तू तर ठणठणीत दिसतेस!" आणि ती चहा टाकायला उठे. मी तिला 'बस' म्हणाले नाही. चौथ्या महिन्यात ती कामावर रुजू झाली.

आज ती बरी आहे. पावसाळी हवेत टाक्यांची जागा ओढल्यासारखी होते, वरचा थोडा भाग अजून बधिर आहे. हे मला नऊ वर्षांनी कळलं.

पुण्याच्या बातमीने घाबरून कुणी देणं थांबवावं, असं मला म्हणायचं नाही. माझा मुलगा त्या देण्यामुळे माझ्यासमोर आहे. मृत्यूनंतरचं अवयवदान आपल्याकडे वाढलं तर घरातल्या माणसावर ही वेळ कमी येईल, हेही खरं. पण ज्या घरावर ही वेळ येईल त्यांना एक म्हातारी म्हणून सांगते. खाटा दोन असतात, तेव्हा जवळची माणसंही दोन ठेवा. देणाऱ्याचा माणूस वेगळा, त्याचा फोन वेगळा, त्याने फक्त तिचाच ताप बघायचा. डॉक्टरांनी बाहेर बसा म्हटलं तर मुकाट्याने बाहेर बसा. आणि वर्षातून एकदा देणाऱ्याचीही तपासणी करा. आम्ही ती मधल्या काळात सोडून दिली होती, आता पुन्हा सुरू केली आहे. रिपोर्ट चांगले आले आणि तेही मी चष्मा लावून वाचले.

हे सगळं सूनबाईची परवानगी घेऊन लिहिलं आहे. नाव घालू नका म्हणाली, घातलं नाही. लेख तिला आधी वाचायला दिला. पेन घेऊन बसली आणि एकच दुरुस्ती केली. मी ताप दहाव्या दिवशी आल्याचं लिहिलं होतं. तिने 'दहाव्या' खोडून वर 'अकराव्या' लिहिलं.

इतिहासाच्या बाईंची तारीख चुकली होती. दुरुस्त केली आहे.